शरीर पहिल्या चिमटीलाच नको म्हणतं, मग तंबाखू सुटत का नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील तीस वर्षं तंबाखू-चुना खातायत. सोडायचा विषय काढला की म्हणतात, "नशेची ओढ माणसाच्या रक्तातच आहे, माकडंसुद्धा आंबलेली फळं खातात." तुमची शंका त्याहून नेमकी आहे. पहिल्यांदा तंबाखू खाल्ली की गरगरतं, घाम फुटतो, उलटी होते. जे शरीर बाहेर फेकू पाहतं त्याचीच पुढे ओढ कशी लागते? आणि ही ओढ उत्क्रांतीतून आली असेल, तर ती सुटणं शक्य तरी आहे का?

यात दोन प्रश्न गुंतलेत. ओढ कुठून आली, हा लाखो वर्षांचा प्रश्न. आज या माणसाची तलफ कशी चालते, हा मिनिटांचा आणि मिलिग्रॅमचा प्रश्न. वडील पहिल्याचं उत्तर पुढे करून दुसऱ्यात हात वर करतायत. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो: हा गळ माणसाच्या मेंदूत का अडकतो, ते उत्क्रांती सांगते. त्या गळाला धार लावली ती माणसाने, पान वाळवून, भाजून, चुना लावून आणि पेटवून. तंबाखू सोडवण्याचे उपाय या धारेवर काम करतात, म्हणून ओढ जुनी असली तरी ते लागू पडतात.

सगळ्या नशांना एकच स्पष्टीकरण बसत नाही. अफू, भांग, दारू, तंबाखू यांच्या वाटा वेगळ्या आहेत. म्हणून तंबाखूवरच बोलतो. महाराष्ट्राला ती लागूही आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत राज्यातले २६.६ टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेत होते. धूम्रपान करणारे फक्त ३.८ टक्के होते, तोंडात ठेवून किंवा दाताला लावून घेणारे २४.४ टक्के.

आधी झाडाच्या बाजूने बघू. तंबाखूचं झाड निकोटीन मुळांमध्ये बनवतं आणि वर पानांत पाठवतं. अळीने पान कुरतडलं की पानातून मुळाकडे इशारा जातो आणि निकोटीनचं उत्पादन वाढतं. जर्मनीतल्या येना इथल्या माक्स प्लांक संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या रानटी तंबाखूत निकोटीन बनवणारं जनुक बंद करून ती झाडं उघड्यावर लावली. किड्यांनी ती जास्त खाल्ली. तंबाखू पिकवणारा शेतकरी यातला अर्धा भाग हातानेच करत असतो. फुलोरा यायच्या वेळी शेंडा खुडतो, बगलफूट काढतो, आणि पान जाड व कडक होतं. शेंडा तुटला की झाडाच्या लेखी ती जखमच असते, त्यामुळे पानातलं निकोटीन वाढतं. दवाने किंवा पावसाने ओल्या झालेल्या पानांची तोडणी करणाऱ्या मजुरांना कातडीतून निकोटीन भिनून डोकेदुखी, चक्कर, उलट्या होतात. तंबाखू तोंडात न घालताही.

निकोटीन हे झाडाने किड्यांसाठी तयार केलेलं विष आहे. निकोटीन सल्फेट कीटकनाशक म्हणून कित्येक दशकं फवारलं गेलं. कापसाच्या आणि द्राक्षाच्या शेतकऱ्यांना ठाऊक असलेलं इमिडाक्लोप्रिडही किड्याच्या मज्जापेशींवरच्या त्याच कुलपाला जाऊन बसतं. ते कुलूप मुळात अ‍ॅसिटिलकोलीन या मेंदूतल्या निरोप्यासाठी आहे. ही यंत्रणा इतकी जुनी आहे की ती किड्यांतही आहे आणि आपल्यातही. म्हणून अळीसाठी बनलेली चावी आपल्याला लागते. मराठीत आपण बरोबर शब्द वापरतो: "तंबाखू लागली", "सुपारी लागली". घाम फुटून गरगरायला लागलं की हे म्हणतात. ते विषबाधेचंच सौम्य रूप आहे.

आता 'ताबा घेण्याचा' सिद्धांत, म्हणजे नशा मेंदूच्या बक्षीस-यंत्रणेचा ताबा घेते असं मानणारा. रँडॉल्फ नेसी आणि केंट बेरिज या शास्त्रज्ञांनी १९९७ साली तो उत्क्रांतीच्या भाषेत नीट मांडला. मेंदूत डोपामिनची एक यंत्रणा आहे. अन्न, जोडीदार, सोबत अशा उपयोगी गोष्टी भेटल्या की ती "हे लक्षात ठेव, पुन्हा कर" असा शिक्का मारते. शुद्ध केलेली नशेची द्रव्यं आणि ती थेट रक्तात पोचवण्याच्या वाटा या मेंदूच्या इतिहासात अगदी नव्या आहेत. त्या पोटात काही उपयोगाचं न जाताच शिक्का उमटवतात. बेरिज यांनी आणखी एक भेद दाखवला तो व्यसनाच्या कामात रोज उपयोगी पडतो. एखादी गोष्ट आवडणं वेगळं आणि ती हवीशी होणं वेगळं. दिवसातली पहिली चिमूट वडिलांना आवडत असेल. बारावी चिमूट आवडत नसते, तरी हात डबीकडे जातोच. "एवढं काय सुख मिळतं त्यात?" असं घरच्यांनी विचारून उपयोग होत नाही, तो यामुळे. सुख केव्हाच आटलेलं असतं.

पण तुमच्या शंकेला हा सिद्धांत पुरत नाही. झाडाने विष बनवलं ते खाणाऱ्याला पळवून लावायला. खाणाऱ्याला बक्षीस देणारं विष बनवणारं झाड फस्त झालं असतं. शिवाय आपले पूर्वज वनस्पतींच्या विषाला अजाण नव्हते. कडू चव ओळखणारी साधारण २५ जनुकं आपल्याकडे आहेत. मेंदूच्या तळाशी रक्तातलं विष हेरून उलटी करवणारं केंद्र आहे. यकृतात विकरांची फौज आहे, त्यातलं सीवायपी२ए६ नावाचं विकर निकोटीनचा बहुतांश भाग मोडून त्याचं कोटिनीन करतं. इतका बंदोबस्त असलेल्या प्राण्याला कडू विषाने सहज फसवावं हे पटत नाही. रॉजर सलिव्हन, एड हेगन आणि पीटर हॅमरस्टाइन या संशोधकांनी २००८ मध्ये हाच विरोधाभास समोर ठेवला.

हेगन आणि सहकाऱ्यांचं उत्तर असं: माणूस विष चुकून खात नसावा, मोजून खात असावा. थोडं विष, स्वतःला झेपेल आणि पोटातल्या जंतांना झेपणार नाही इतपत. जंगलातले चिंपांझी आजारी पडल्यावर एका झुडपाचा एरवी न खाल्ला जाणारा कडू गाभा चघळतात, तसंच काहीसं. याची तपासणी त्यांनी मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकातल्या अका या शिकारी-संग्राहक लोकांत केली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात २०६ पुरुषांच्या लाळेतलं कोटिनीन (तंबाखू किती घेतली याची खूण) आणि विष्ठेतली जंतांची अंडी मोजली. कोटिनीन जास्त, तिथे जंत कमी. नुसत्या अशा जोडीवर मी फार विश्वास ठेवला नसता. त्यांनी पुढे काही जणांना जंताचं औषध अल्बेंडाझोल दिलं आणि काहींना बिनऔषधाची गोळी. दोन आठवड्यांनी खरं औषध घेतलेल्यांचं कोटिनीन खाली आलेलं दिसलं. वर्षाने पाहिलं तर औषध घेतलेल्यांपैकी ज्यांचं कोटिनीन आधी जास्त होतं त्यांना जंतांची लागण पुन्हा कमी झाली होती.

सुपारीचंही असंच आहे. तिच्यातलं अ‍ॅरेकोलीन पशुवैद्यकात कुत्र्यांच्या पट्टकृमींवर वापरलं गेलेलं औषध आहे. मेंदूवर चालणारी आणि जंतांवर चालणारी द्रव्यं वारंवार एकच निघावीत, यात आश्चर्य नाही. जंतालाही मज्जासंस्था आहे.

या सिद्धांताबद्दल माझं मत: पटण्याजोगा, पण अर्धा. शाळकरी वयात गोल जंतांचा भार सर्वांत जास्त असतो आणि नेमकी त्याच वयाची मुलं तंबाखूपासून लांब पळतात. सिद्धांताचे समर्थक म्हणतात की वाढत्या मेंदूला विषाचा तोटा जंतांपेक्षा मोठा, म्हणून लहानपणी कडू नकोसं वाटतं आणि किशोरवयात ती नावड सैल होते. व्यसनं बहुतेक त्याच वयात लागतात, तेवढं जुळतं. गर्भारपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत वासांची किळस येते, तीही गर्भाला विषापासून वाचवणारी यंत्रणा मानली जाते, आणि जगभर बायका तंबाखू कमी घेतात याचं एक कारण तिथे शोधलं जातं.

पण आपल्याकडची मशेरी बघा. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची, बोटाने हिरड्यांना लावायची. ही बायकांची सवय आहे आणि गर्भारपणातही चालू राहते. दात दुखतो म्हणून सुरू होते आणि सकाळी पोट साफ होत नाही म्हणून टिकते. किळस यावी असं शरीर सांगत असलं, तरी सासू-जावा रांगेत बसून लावतात तेव्हा शरीराचं कोण ऐकतो? मुंबईत १२१७ गरोदर स्त्रियांवर केलेल्या, २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशी बिनधुराची तंबाखू घेणाऱ्या आयांची बाळं सरासरी १०५ ग्रॅम हलकी भरली. कुठल्या समाजात कोण किती तंबाखू घेतं, हे निव्वळ जीवशास्त्रावरून सांगता येत नाही, याचा मशेरीइतका स्पष्ट पुरावा दुसरा नाही.

आणि कोणी यावरून "तंबाखूने जंत मरतात" असं म्हणालं तर त्यांना सांगा, जंतांसाठी ४०० मिलिग्रॅम अल्बेंडाझोलची एक गोळी आहे, शाळा-अंगणवाड्यांत ती फुकट मिळते आणि तिने तोंडाचा कर्करोग होत नाही.

मग उत्क्रांतीतल्या नैसर्गिक निवडीने ही ओढ पुसून का टाकली नाही? वेळच मिळालेला नाही. अमेरिकेत माणसाचा तंबाखूशी संबंध जुना आहे, यूटा राज्यातल्या एका चुलीत सापडलेल्या जळक्या बिया सुमारे १२,३०० वर्षांपूर्वीच्या आहेत. आपल्याकडे मात्र ती पोर्तुगीज जहाजांतून आली. १६०५ च्या आसपास अकबराचा दूत असद बेग याने ती विजापूरहून अकबराच्या दरबारात नेली, तेव्हा उत्तरेत ती नवलाची वस्तू होती. म्हणजे दख्खनमध्ये जेमतेम सोळा-सतरा पिढ्या. त्यातही कर्करोग बहुधा मुलंबाळं झाल्यानंतरच्या वयात येतो, त्यामुळे निवडीची पकड तिथे ढिली पडते.

आता धारेकडे येऊ, कारण वडिलांचं व्यसन इथे राहतं. तळहातावर चिमूटभर तंबाखू, त्यावर डबीतून काढलेला डाळीएवढा चुना, अंगठ्याने मळायची, दोन थापा मारून भुकटी उडवायची आणि खालच्या ओठामागे बार लावायचा. चुना कशाला? विचारलं तर "त्याशिवाय लागत नाही" एवढंच सांगतील, आणि ते शंभर टक्के खरं आहे. निकोटीनचे कण दोन रूपांत असतात. विद्युतभार असलेला कण तोंडाच्या आतल्या त्वचेतून जात नाही, बिनभाराचा जातो. आम्लता मोजायच्या सामू या मापात ८ ला दोन्ही निम्मे निम्मे असतात. सामू ७ असेल, म्हणजे लाळेच्या आसपास, तर बिनभाराचं निकोटीन फक्त ९ टक्के. चुन्याने सामू ९ वर नेला की तेच ९१ टक्के. तंबाखू तीच, चिमूट तेवढीच, पण जाऊ शकणारा भाग दहापट. अँडीज पर्वतातले लोक कोकाच्या पानांबरोबर चुना किंवा राख चघळतात, आपण विड्याला चुना लावतो. जगाच्या दोन टोकांना हीच युक्ती स्वतंत्रपणे सापडली.

सिगारेटने दुसरी धार लावली, वेगाची. ओढलेल्या धुरातलं निकोटीन १० ते २० सेकंदांत मेंदूत पोचतं. ओठामागच्या बाराला रक्तातली पातळी शिगेला न्यायला साधारण अर्धा तास लागतो, पण ती जास्त वेळ टिकते. कृती आणि बक्षीस यांतलं अंतर जितकं कमी, तितका मेंदू पक्का शिकतो. प्रयोगातल्या उंदरांना निकोटीन एकटं दिलं तर ते फार जोरकस बक्षीस ठरत नाही. त्याला दिव्याची किंवा आवाजाची खूण जोडली की उंदीर कळ दाबत सुटतात. वडिलांच्या बाबतीत ती खूण म्हणजे डबीच्या झाकणाचा आवाज, मळण्याचा वास आणि जेवण झाल्यावरची ती खुर्ची.

आता तुमच्या मूळ शंकेचं उत्तर जुळतं. मळमळ आणि ओढ या दोन वेगळ्या यंत्रणा आहेत. उलटीचं केंद्र काही दिवसांत निकोटीनला सरावतं. डोपामिनचा शिक्का मात्र दर खेपेला गडद होतो आणि मेंदूत निकोटीनच्या कुलपांची संख्याही वाढते. पहारेकरी झोपतो आणि आत हिशेब चालूच राहतो. पहिल्या तीन-चार वेळा रेटून खाणं मित्रांच्या घोळक्यात घडतं, म्हणून सुरुवात एकट्याने क्वचित होते.

वडिलांच्या माकडांबद्दलही दोन शब्द. दारूची गोष्ट खरोखर वेगळी आहे. ती झाडाचं विष नाही, यीस्टची आहे, आणि तिच्यात दर ग्रॅमला ७ कॅलरी आहेत. सुमारे एक कोटी वर्षांपूर्वी माणूस, चिंपांझी आणि गोरिला यांच्या समाईक पूर्वजात एका विकरात बदल झाला आणि अल्कोहोल पचवायची त्याची क्षमता चाळीस पटींनी वाढली. जमिनीवर पडलेली आंबलेली फळं खाणाऱ्याला याचा फायदा होता. २०२५ मधल्या मोजणीनुसार रानातले चिंपांझी खातात त्या फळांत सरासरी पाव टक्क्याच्या आसपास अल्कोहोल असतं. यीस्ट स्वतः पंधरा टक्क्यांपुढे सहसा तग धरत नाही. त्याच्या वरचं सगळं भट्टीचं काम आहे, मग ती मोहाची असो वा कारखान्याची. माकडाच्या फळावरून तंबाखूच्या चुन्याचं समर्थन करता येत नाही.

सोडवायचं कसं, हे वडील किती अवलंबून आहेत त्यावर ठरतं. ते ओळखायला एक प्रश्न सर्वांत कामाचा: सकाळी उठल्यापासून किती मिनिटांत पहिली चिमूट? निकोटीनचं रक्तातलं प्रमाण दर दोन तासांनी निम्मं होतं, म्हणजे आठ तासांच्या झोपेनंतर जेमतेम सहा टक्के उरतं. जो अर्ध्या तासाच्या आत डबी शोधतो त्याला ४ मिलिग्रॅमचं निकोटीन गम (तंबाखूऐवजी चघळायचं निकोटीनचं औषध) लागतं, नाहीतर २ मिलिग्रॅमचं पुरतं. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, पुढचे तीन आठवडे दर दोन-चार तासांनी, शेवटचे तीन आठवडे चार-आठ तासांनी. दिवसात २४ पेक्षा जास्त नाही. हृदयाचा झटका नुकताच येऊन गेला असेल किंवा छातीत दुखत असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

गम फसतं ते बहुतेक वेळा चघळण्याच्या पद्धतीमुळे. च्युइंग गमसारखं चावत राहिलं की निकोटीन लाळेबरोबर पोटात जातं, उचकी लागते, मळमळतं, आणि यकृत त्यातलं बरंचसं मेंदूत पोचायच्या आधीच मोडतं. माणूस म्हणतो, "काही उपयोग नाही याचा." हळूहळू दहा-पंधरा वेळा चावायचं, तिखट झिणझिण्या आल्या की गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायचं, मिनिटभराने झिणझिण्या गेल्या की पुन्हा चावायचं, असं अर्धा तास. बार लावणाऱ्याला गालात धरून ठेवायची सवय असतेच, त्यामुळे हे त्यांना लवकर जमेल.

सर्वांत त्रासाचे पहिले दोन-तीन दिवस, मग दोन ते चार आठवड्यांत ओसरत जातं. पोट साफ न होणं हे तंबाखूची गरज असल्याचं लक्षण नसून ती सुटत असल्याचं आहे, कारण निकोटीन आतड्यांना चाळवत होतं. पाणी, पालेभाज्या, इसबगोल यांनी ते आठवड्या-दोन आठवड्यांत निभतं. हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर तिसऱ्या दिवशी सकाळी याच कारणाने डबी परत निघेल. डबी, चुना आणि जेवणानंतरची ती खुर्ची, तिन्ही पहिल्या दिवशीच हलवा. बोलून आधार देणारं कोणी हवं असेल तर १८००-११-२३५६ हा सरकारी मोफत क्रमांक आहे.

तोंडही तपासून घ्या. स्वतःची तीन बोटं उभी तोंडात जात नसतील, पांढरा किंवा लाल चट्टा असेल, किंवा दोन आठवड्यांत न भरलेला व्रण असेल, तर गमच्या आधी दंतवैद्याकडे जा.

आणि गमच्या आधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असेपर्यंत चहा, कॉफी, लिंबू सरबत द्यायचं नाही. गममध्ये चुन्याच्या जागी कार्बोनेट घातलेलं असतं, आम्लधर्मी पेयाने ते मारलं जातं आणि निकोटीन पुन्हा भार घेऊन तोंडातच अडकतं. सकाळचा चहा आधी, वीस मिनिटं थांबून गम, हा क्रम पहिल्या आठवड्यात तुम्ही स्वतः सांभाळा.